कागद फाटला नव्हता : अंबड तालुक्यातल्या एका शेततळ्याचा हिशेब

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात दोन एकर मोसंबी. सहा बाय सहा मीटरवर लावलेली २२० झाडं. विहीर आहे, पण ती फेब्रुवारीतच तळ दाखवते, म्हणून उन्हाळ्यात सगळा भार शेततळ्यावर. मालकांना गावात सगळे आप्पा म्हणतात; इथंही तेच नाव पुरे.

मोसंबीवाल्याची भीती सोयाबीनवाल्यापेक्षा वेगळी असते. सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो. मोसंबीचा एक उन्हाळा चुकला तर आठ-दहा वर्षं वाढवलेलं झाड जातं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या कितीतरी बागा अशाच वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावून जळण केलं. तेव्हापासून इकडं शेततळ्याकडे बघायची नजरच बदलली.

तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आप्पांनी ठरवून टाकलं की तळ्याचा कागद फाटलाय. प्लास्टिकच्या अस्तराला आपल्याकडे कागदच म्हणतात, मग तो ५०० मायक्रॉनचा का असेना. त्यांचा पुरावा साधा होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाणी एक फूट उतरलं. मोटार रोज तेवढीच चालली, झाडं तेवढीच, ठिबक तेच. आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी एक फूट चार इंच उतरलं. "तेवढंच काढतो, तरी जास्त उतरतं. मंग बाकीचं जातं कुठं?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न म्हणून तो अगदी रास्त आहे.

कागद बसवणाऱ्याने फोनवरच निदान केलं : तळाशी छिद्र असणार, तळं रिकामं करा, पट्टी मारून देतो. एप्रिलमध्ये तळं रिकामं करायचं म्हणजे बाग सोडून द्यायची.

आप्पांची पुतणी बारावी सायन्सची परीक्षा देऊन घरी आलेली, सीईटीची तयारी चालू. तिने तो आकडा ऐकला आणि मला विचारायला आली. मी कॉलेजात गणित शिकवतो. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन या दोन प्रकरणांवर बोर्डाचे किती मार्क असतात हे आमच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. ही प्रकरणं कशासाठी आहेत हे विचारणारं पोरगं मात्र क्वचित भेटतं. त्यामुळे हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी मापं

तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हापासून हे माप गावोगाव तोंडपाठ आहे. कुणालाही विचारा, तो तीस गुणिले तीस गुणिले तीन करतो आणि २७ लाख लिटर सांगतो. आप्पाही तेच सांगत होते.

पण तळ्याच्या भिंती उभ्या नसतात. काळ्या मातीत उभी भिंत पहिल्याच पावसाळ्यात ढासळेल. इथं उतार दीडास एक होता, म्हणजे एक मीटर खाली गेलं की भिंत दीड मीटर आत येते. तीन मीटरला साडेचार मीटर, दोन्ही बाजूंनी मिळून नऊ. म्हणून तळ २१ बाय २१ चा.

आता आप्पांचे फूट. त्यांनी कागदावर उतारालगत रंगाने फुटाच्या खुणा केल्या होत्या. सोयीचंच काम, काठावरून दिसतं. पण ते फूट उताराचे होते, खोलीचे नव्हते. एक मीटर खोलीला उतारावर १.८ मीटर लागतात, कारण दीडचा वर्ग अधिक एकचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. म्हणजे आप्पांचा 'एक फूट' हा उभ्या मापात साधारण १७ सेंटिमीटर आणि 'एक फूट चार इंच' हा साडेबावीस. पुढचं सगळं मी उभ्या मापातच लिहितो.

किती पाणी जात होतं? प्रत्येक झाडाला आठ ड्रिपर, ताशी आठ लिटरचे. पुतणीने औषध मोजायचा मापाचा मग घेऊन ड्रिपरखाली एकेक मिनिट धरला. बहुतेक ठिकाणी १३० मिलिलिटरच्या आसपास आलं, म्हणजे कंपनीने लिहिलंय ते खरं. दोन-चार ड्रिपर क्षाराने तुंबलेले होते, ते तिथल्या तिथं साफ केले. झाडाला तासाला ६४ लिटर, २२० झाडांना १४ हजार लिटर. मोटार रोज एक तास. म्हणजे रोज १४ घनमीटर.

घनमीटर हे एकक मुद्दाम धरलं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, आणि लांबी-रुंदी मीटरमध्ये असली की शून्यांची गडबड होत नाही.

थर आणि ढीग

तळापासून पाण्याची उंची ख मीटर आहे असं धरा. त्या उंचीला पाण्याच्या चौकोनाची बाजू २१ + ३ख. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ (२१ + ३ख)² चौरस मीटर. तळाशी ४४१, काठाशी ९००.

आता त्या पाण्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर ओता. किती पाणी लागेल? त्या क्षणीचं क्षेत्रफळ गुणिले एक मिलिमीटर. थराच्या कडाही तिरप्या आहेत, त्यामुळे किंचित फरक पडतो. पण थर जितका पातळ घ्याल तितका तो फरक थराच्या मानानेही नगण्य होत जातो. लिमिट म्हणजे हेच. पुस्तकात ते एप्सिलॉन-डेल्टा या ग्रीक अक्षरांच्या वेशात येतं म्हणून पोरं बिचकतात.

या एका वाक्यातून दोन्ही गोष्टी निघतात. घनफळाचं खोलीच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह, मराठीत विकलज, म्हणजे पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. आणि उलट, क्षेत्रफळाचे असे सगळे थर तळापासून रचत गेलं की घनफळ. ते इंटिग्रेशन, संकलन. एक क्रिया दुसरीला उलटवते, हा कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धान्त. न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात तो स्वतंत्रपणे पक्का केला आणि मग श्रेयावरून मोठं भांडण झालं. शेततळ्याला त्या भांडणाशी देणंघेणं नाही.

(२१ + ३ख)² चं संकलन (२१ + ३ख)³ भागिले ९. शून्यापासून तीनपर्यंत किंमत घाला : २७००० वजा ९२६१, भागिले ९. उत्तर येतं १९७१ घनमीटर. २७ लाख लिटरचं तळं प्रत्यक्षात १९ लाख ७१ हजार लिटरचं निघालं. सात लाख लिटर कधी नव्हतेच.

कृषी खात्याची माणसं याच कामाला एक सूत्र वापरतात : वरचं क्षेत्रफळ, अधिक मधल्या उंचीच्या क्षेत्रफळाची चौपट, अधिक तळाचं, भागिले सहा, गुणिले खोली. घालून बघा. ९०० अधिक २६०१ अधिक ४४१, भागिले सहा, गुणिले तीन. तंतोतंत १९७१. पुतणीला आधी हा योगायोग वाटला. तो योगायोग नाही. ज्या राशीत ख चा वर्गच सर्वांत मोठा घात असतो, तिच्यासाठी हे सूत्र नेमकंच उत्तर देतं. पुस्तकात ते अठराव्या शतकातल्या सिम्प्सनच्या नावावर आहे, पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ते दारूच्या पिंपांसाठी काढलं होतं. १६१३ साली ऑस्ट्रियातल्या लिंझला त्याच्या दुसऱ्या लग्नासाठी द्राक्षमद्याची पिंपं आली. व्यापारी पिंपाच्या मधल्या बुचातून एक काठी तिरपी घालायचा, ती किती भिजली ते बघायचा आणि पैसे सांगायचा. पिंपाचा आकार काहीही असो, मोजणी तीच. केप्लरला हे पटेना आणि त्यातून १६१५ चं त्याचं घनफळांवरचं पुस्तक झालं. आप्पाही तिरकसच मोजत होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पिंपातच जास्त रस वाटला.

या सूत्रातून आणखी एक आकडा काढला, जो प्रत्येक शेततळेवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावा. तळं निम्म्या खोलीवर आलं, म्हणजे दीड मीटरवर, की पाणी किती उरतं? ८१३ घनमीटर. एकूण पाण्याच्या ४१ टक्के. डोळ्याला अर्धं दिसतं, पण निम्म्याहून बरंच कमी असतं.

मग फूट चार इंच कशामुळे?

पाणी दोन वाटांनी जात होतं : मोटारीने आणि उन्हाने. तिसरी वाट, गळती, हीच सिद्ध करायची होती.

मोटारीची वाट आधी. रोज १४ घनमीटर. घनफळ बदलण्याचा वेग म्हणजे क्षेत्रफळ गुणिले पातळी बदलण्याचा वेग; बारावीला याला चेन रूल म्हणतात. म्हणून मोटारीमुळे पातळी उतरण्याचा वेग म्हणजे १४ भागिले त्या वेळचं क्षेत्रफळ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाणी २.४ मीटरवरून खाली येत होतं, क्षेत्रफळ ७८० च्या आसपास. रोज १७.९ मिलिमीटर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी सव्वा मीटरवरून एक मीटरकडे चाललेलं, क्षेत्रफळ ५९५. रोज २३.५ मिलिमीटर. मोटार तीच, तास तोच, पण आठवड्याला जवळपास चार सेंटिमीटर जास्त उतार, फक्त तळं खाली निमुळतं आहे म्हणून.

आता ऊन. आप्पांची ठाम समजूत होती की पाणी कमी झालं की ऊन जास्त खातं. इथं कलनशास्त्राचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, म्हणून थोडं थांबतो. ऊन पृष्ठभागावरून पाणी उडवतं, म्हणजे रोज उडणारं पाणी क्षेत्रफळाच्या प्रमाणात. मोठं क्षेत्रफळ, जास्त बाष्पीभवन. पण पातळी किती उतरते हे काढायचं तर त्याच क्षेत्रफळाने भागावं लागतं. वर क्षेत्रफळ, खाली तेच क्षेत्रफळ, दोन्ही उडाले. उरतो फक्त बाष्पीभवनाचा दर. तळं चौकोनी असो, गोल असो, नरसाळ्यासारखं असो, एकाच हवेत उन्हाने पातळी रोज सारखीच उतरते. लिटर मात्र कमी-जास्त जातात. आप्पांची समजूत पातळीबद्दल होती आणि ती चूक होती. ऊन वाढलं की दर वाढतो ही वेगळी गोष्ट. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये वेधशाळेच्या पॅनमधून, म्हणजे बाष्पीभवन मोजायच्या उघड्या भांड्यातून, रोज १० ते १२ मिलिमीटर पाणी उडतं. पॅन छोटं आणि तापतं, म्हणून तळ्यासाठी तो आकडा साधारण ०.७ ने गुणतात. मार्चच्या सुरुवातीला ६ आणि एप्रिलअखेर ८ मिलिमीटर धरले. आठवड्याला १.४ सेंटिमीटरची वाढ.

चार अधिक दीड, म्हणजे साडेपाचच्या आतबाहेर. आप्पांच्या खुणांवरून मिळालेला फरक साडेपाचच. गळतीसाठी शिल्लक काही राहत नाही.

पण जुळलेला आकडा म्हणजे पुरावा नव्हे, एवढं तरी गणितवाल्याने म्हणायला हवं. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. म्हणून गळतीला स्वतंत्रपणे तपासलं.

छिद्रातून किती पाणी बाहेर पडेल हे वर किती पाणी उभं आहे त्यावर ठरतं. टॉरिचेल्लीने १६४४ साली दाखवलं की भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. शेततळ्यात भोकापलीकडे हवा नसते, माती असते, त्यामुळे ते सूत्र जसंच्या तसं लागत नाही. पण दिशा तीच राहते. वरचा दाब घटला की गळती घटते. छिद्र भिंतीत असेल तर पाणी त्याच्या खाली गेल्यावर गळती थांबतेच. म्हणजे मार्च ते एप्रिल गळतीचा वाटा कमी होत जायला हवा होता. आप्पांचा सगळा संशय तर उतार वाढल्यावरून होता. कागदवाल्याच्या निदानात ही एक गोष्ट उलटी होती आणि ती ओळखायला आकडाही लागत नाही, फक्त विकलजाचं चिन्ह लागतं.

तरी आप्पांना डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. तीन दिवस मोटार बंद ठेवली. खुणेजवळ कागदावर मार्करने रेघ मारली, सकाळी वारा पडलेला असतानाच बघायचं ठरलं. तीन दिवसांत उतारावर साडेचार सेंटिमीटर, म्हणजे उभ्या मापात अडीच. दिवसाला ८ मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. उन्हाचा हिस्सा तेवढाच धरला होता.

कागद फाटला नव्हता.

एक बारीक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. पुतणीने पहिल्या दिवशी दर तासाला वाचन घ्यायला सुरुवात केली होती. डेरिव्हेटिव्ह म्हणजे क्षणाचा वेग, मग क्षण जितका लहान तितकं चांगलं, असा तिचा हिशेब. तासाला पाणी उतरतं एक मिलिमीटरच्या आत आणि वाऱ्याच्या लाटेने रेघ हलते पाच मिलिमीटर. तिच्या वहीत दुपारी दोनला तळं चक्क भरत होतं. कागदावर कालांतर शून्याकडे न्यायला हरकत नसते. तळ्यावर ते एका मर्यादेखाली नेलं की मोजणीची चूकच वेग म्हणून दिसायला लागते. म्हणून आठवड्याची सरासरी. आठवड्यात केव्हातरी खरा वेग त्या सरासरीइतका होताच, हे मीन व्हॅल्यू थिअरम आपल्याला फुकट देतो. उलट दिशेची गरज भास्कराचार्यांना पडली होती. चंद्राची गती दिवसभर सारखी राहत नाही, त्यामुळे दिवसाच्या सरासरीने तिथीची वेळ चुकते. म्हणून ११५० मध्ये त्यांनी तात्कालिक गतीचा विचार मांडला. कुठं सरासरी पुरते आणि कुठं क्षण लागतो, हे त्या त्या प्रश्नावरून ठरतं.

आता खरा प्रश्न

गळतीचं भूत उतरलं तेव्हा २५ एप्रिल होता. पाणी बरोबर एक मीटरवर. सूत्रात एक घाला : १३८२४ वजा ९२६१, भागिले ९, म्हणजे ५०७ घनमीटर. तळाचे २० सेंटिमीटर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, ओढत नाही, गाळ येतो. ते ९१ घनमीटर सोडले. वापरता येईल असं पाणी ४१६ घनमीटर.

आप्पांचं गणित : ४१६ भागिले १४, तीस दिवस. पण ऊन थांबणार नव्हतं. मे महिन्यासाठी ९ मिलिमीटर धरले. रोजचा उतार म्हणजे मोटारीचा भाग अधिक ऊन, आणि मोटारीचा भाग खोलीप्रमाणे बदलतो. मग दिवस किती? प्रत्येक पातळ थर उतरायला किती वेळ लागेल ते काढायचं आणि ०.२ पासून १ मीटरपर्यंत सगळे वेळ जमा करायचे. पुन्हा संकलनच, फक्त या वेळी पाण्याचं नव्हे, दिवसांचं. पिंपाचं सूत्र इथंही चालतं : तळाशी एक मीटर उतरायला २५.६ दिवस या गतीने, मध्ये २७.८, वर ३०. एक-चार-एक करून सहाने भागा, ०.८ ने गुणा. २२ दिवस. १७ मेला तळं संपणार होतं.

मान्सून मराठवाड्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, आणि झाडाच्या बुडाशी ओल धरेल असा पाऊस बहुतेकदा त्यानंतर. म्हणजे १७-१८ जूनपर्यंत तरी निभावायचं होतं. जवळपास ५४ दिवस.

पुतणीने वेगवेगळ्या वापरासाठी तेच गणित मांडलं. रोज १४ घनमीटर : २२ दिवस, झाडांना एकूण ३१२, उन्हाला १०४. रोज ६ : ३९ दिवस, झाडांना २३३, उन्हाला १८३. रोज ३ : ५४ दिवस, झाडांना १६२, उन्हाला २५४.

हा कागद आप्पांपुढं ठेवला तेव्हा ते बराच वेळ शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून होते. काटकसर केली की पाणी पुरतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुरतं खरं, पण उघड्या तळ्यात राखलेलं पाणी रोज चार-पाच हजार लिटर भाडं भरतं. फार ताणलं तर झाडापेक्षा सूर्यालाच जास्त जातं, आणि दिवसाला १३-१४ लिटरवर मोसंबीचं मोठं झाड मे महिन्यात उभं राहत नाही. मला वाटतं, शेततळ्याच्या प्रचारात हा मुद्दा हवा तेवढा सांगितला जात नाही. तळं खोदायचं प्रशिक्षण मिळतं. कधी आणि किती वेगाने रिकामं करायचं, याचं नाही.

मार्चपासूनच रोज १० घनमीटर काढलं असतं तर? हा प्रश्न पुतणीने विचारला. उत्तर तिलाच काढू दिलं. तिचं उत्तर असं आलं की थोडा फायदा झाला असता, वाटतो तितका नाही, कारण वरच्या रुंद पृष्ठभागावरून मार्चमध्येही ऊन कमी घेत नव्हतं.

निर्णय गणिताने घेतला नाही, आप्पांनी घेतला. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची, फळं तोडून टाकली. झाड वाचवायचं की फळ, यात त्यांनी फार विचार केला नाही. आतल्या वाळक्या आणि कमजोर फांद्या छाटल्या. बुडाशी उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन केलं, म्हणजे जमिनीतून उडणारी ओल तरी थांबेल. आणि रोज ६ घनमीटरवर आले, एका दिवसाआड मोटार. ३ जूनपर्यंत तळं, पुढं पाऊस येईपर्यंत टँकर. पंधरा दिवसांचे ९० घनमीटर, दहा हजारी टँकर नऊ. तळं रिकामं करून कागद शिवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

तळ्यावर शेडनेट टाकायचा विचारही झाला. ३० मीटरच्या पसाऱ्यावर वाऱ्यात ती धरून ठेवायला तारा आणि खांब लागतात, मेच्या वादळात ते टिकतील याचा भरवसा नव्हता. सोडून दिलं.

वळवाचा पाऊस आणि टँकर

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी वळीव पडला. काठावर ठेवलेल्या सरळ कडांच्या डब्यात २० मिलिमीटर, इंचापेक्षा कमी. सकाळी आप्पांचा फोन : "सर, पाऊस इंचभर बी न्हाई अन् तळं अडीच इंच वाढलं. आता कुठून आलं?" पुन्हा तोच प्रश्न, उलट्या दिशेने.

त्या अडीच इंचांपैकी काही उताराचे. उभ्या मापात साडेतीन ते चार सेंटिमीटर. पण पाऊस दोनच सेंटिमीटर होता, मग दुप्पट कसं? ऊन पाणी घेतं ते पाण्याच्या पृष्ठभागावरून, तेव्हा तो ४८५ चौरस मीटरच्या आसपास होता. पाऊस मात्र तळ्याच्या अख्ख्या तोंडात पडतो, ९०० चौरस मीटरमध्ये, आणि उघड्या कागदावरून घसरून तळाशी येतो. १८ घनमीटर पाणी ४८५ वर पसरलं की ३७ मिलिमीटर. थोडं कागदावरच सुकलं असेल. पुतणीने हे मला विचारायच्या आधीच आप्पांना सांगून टाकलं होतं. फोन फक्त पडताळणीसाठी होता. वळवाने जवळपास दोन दिवस दिले.

जूनच्या सुरुवातीला तळ जवळजवळ उघडा पडला, तेव्हा जुन्या फुटांच्या खुणा पुसून नव्या केल्या, या वेळी लिटरच्या. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत एक लाख लिटर. या खुणा सारख्या अंतरावर येत नाहीत. तळाजवळचा पहिला लाख उतारावर ४० सेंटिमीटर घेतो, काठाजवळचा शेवटचा २० च. गावातल्या एक-दोघांनी येऊन पाहिलं आणि रंगवणाऱ्याने चूक केली असं म्हणाले. तळाच्या कोपऱ्यांची गोलाई आणि उतारातला थोडाफार फरक धरून हे आकडे शेकडा दोन-तीनने इकडंतिकडं होतील. लाखाच्या खुणेला तेवढं चालतं.

मग टँकर आले. त्या वेळी पाण्याचा पृष्ठभाग ४६७ चौरस मीटर. दहा घनमीटर ओतले की पातळी २१ मिलिमीटर, उतारावर पावणेचार ते चार सेंटिमीटर वाढायला हवी. पहिल्या टँकरला तेवढी वाढली. दुसऱ्याला तीनच. वाचनात अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं धरला तरी साडेसहा ते नऊ हजार लिटर, दहा हजार काही केल्या होत नव्हते. आप्पांनी टँकरवाल्याला तिथंच थांबवून खुणेवर नेलं. त्याने आधी वाद घातला, मग वाटेत झाकणातून सांडलं असेल म्हणाला. तिसऱ्या टँकरपासून आप्पा ओतायच्या आधी आणि नंतर रेघ मारायचे, आणि पैसे त्यानंतर द्यायचे.